पडवीतलं कुटुंब

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि शिरगणतीचं काम आम्हा प्राथमिक शिक्षकांच्या गळ्यात पडलं होतं. माझी शाळा आमच्या मूळ गावाला लागून असलेल्या गावात होती, त्यामुळे गणतीसाठी मला जी घरं वाटून दिली त्यांत आमची वाडीही आली. मी ती बदलून मागितली नाही. ओळखीची घरं, काम लवकर उरकेल असं मला वाटलं.

आमचं घर म्हणजे माझ्या चुलतकाकाचं घर. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा हा मुलगा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करीत असे, लिहिताना करणार नाही. घर चिऱ्याचं, कौलारू, पुढे खळं म्हणजे अंगण, मागे आंब्याकाजूची झाडं. उजव्या अंगाला पडवी होती आणि त्या पडवीत माझे वडील राहत होते. ते मुंबईला गिरणीत होते. कापसाच्या धुळीने छाती गेली तेव्हा काम सोडून गावी आले. माझी आई त्याआधीच वारली होती. मी रत्नागिरीत मांडवीला मावशीकडे राहून एसटीने शाळेत जाऊन-येऊन करीत होते. मावशीच्या शेजारी खोली घेऊ, तिथे राहा, असं मी त्यांना किती वेळा म्हटलं. ते म्हणत, "जन्मभर दुसऱ्याच्या खोलीत काढली. आता आपल्या घरात राहू दे."

आपल्या घरात त्यांना मिळाली ती पडवी. पूर्वी तिथे गुरं बांधत.

मी गेले तेव्हा काका खळ्यात बाकावर बसून सुपारी कातरत होता. मी खाली पायरीवर बसले, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि लिहायला लागले. तो, त्याची बायको, दोन मुलगे, एक सून. सगळ्यांची वयं त्याने अंदाजाने सांगितली. मग मी म्हटलं, "आणि पडवीतले?"

"तुजा बापूस."

"कुटुंबप्रमुखाशी नातं," मी रकाना वाचला. वाचायची सवय झाली होती म्हणून वाचला, उत्तर मला ठाऊकच होतं. चुलत भाऊ. माझं पेन कागदाला लागलंही होतं.

"लिही, नातं नाय."

मला वाटलं तो थट्टा करतोय. वर बघितलं तर तो अडकित्त्याकडे बघत होता.

"काका, काय बोलताय?"

"सरकारी कागद हाय ना? मग सांगीन तेच लिवायचं. तुज्या आजीचं लगीन कोणी बघितलंन? आमच्या काकाने आणलेली बाई ती. आणली आणि ठेवली. तिचा मुलगा माजा भाऊ कसा?"

पडवीतून माझ्या वडिलांच्या खोकल्याचा आवाज सतत येत असे. त्या वेळी तो थांबला होता. म्हणजे ते ऐकत होते आणि आपण ऐकतोय हे कळू नये म्हणून खोकला दाबून बसले होते. काकाचा राग मला नंतर आला. त्या क्षणी मला वडिलांचा राग आला. उठून बाहेर या, दोन शब्द बोला, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

गणतीच्या शिकवणीत आम्हाला सांगितलं होतं की चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. मी विचारलं, "त्यांची चूल वेगळी आहे?"

"मग? आमी काय त्याला रांधून घालताव?"

मी नवा कागद काढला. कुटुंबप्रमुख म्हणून माझ्या वडिलांचं नाव लिहिलं. कुटुंबात माणसं, एक. काकाने मान वाकडी करून काय लिहिलंय ते बघितलं आणि म्हणाला, "लिही लिही. पडवीचा राजा झाला."

त्या दुपारी मी वडिलांना विचारलं. ते चुलीशी बसून भाताचं पाणी बघत होते. त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. माझी आजी नाटे गावची, शेतकऱ्याघरची मुलगी. लहानपणी लग्न झालं आणि पोरवयातच विधवा झाली. माझ्या आजोबांनी तिच्याशी पाट लावला. आमच्या जातीत विधवेचं असंच लग्न लागायचं. भटजी नाही, अक्षता नाहीत, वाजंत्री नाही. दिवस मावळल्यावर चार शहाणी माणसं बसायची, साडी-चोळी द्यायची, झालं. वडील दोन वर्षांचे असताना आजोबा तापाने गेले. आजी त्याच घरात थोरल्या दिरांच्या हाताखाली राबली. वडील मोठे झाल्यावर मुंबईला गेले, आणि ते मुंबईत असताना ती इथे वारली.

"पाट म्हणजे लग्नच ना?" मी म्हटलं.

"लग्नच."

"मग तुम्ही गप्प का बसता?"

"साक्षीला कोण हाय आता? सगळी मेली."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मला तोवर दोन स्थळं आली होती. दोन्हींकडून होकारापर्यंत गोष्टी गेल्या आणि मोडल्या. मला वाटत होतं माझा रंग, माझं वय, माझी नोकरी. वडिलांना कारण ठाऊक होतं. मुलाकडची माणसं गावात चौकशीला आली होती आणि कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं, त्या घराण्याचा नीट पत्ता लागत नाही, आजी ठेवलेली होती. वडिलांनी हे मला दोन वर्षं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी न जेवताच परतीच्या एसटीत बसले.

पुढच्या शनिवारपासून मी पुरावा शोधायला लागले. शनिवारी शाळा सकाळची असे.

पहिल्यांदा गेले ते सरकारी कचेरीत. माझ्या मनात आलं होतं की जुन्या शिरगणतीत आजी त्या घरात आजोबांची बायको म्हणून लिहिलेली असणार. मीच नाही का आत्ता लिहीत होते, अमुक हा, अमुक ही त्याची बायको. तिथला कारकून पान चघळत होता. माझं सगळं बोलणं त्याने ऐकून घेतलं आणि शेजारच्याला म्हणाला, "ह्या बाईंना पन्नास वर्षांपूर्वीची खानेसुमारी पाहिजे." दोघं हसले. मग मला म्हणाला, "मास्तरीणबाई, आकडे काढले की ते कागद रद्दी. तुमचेही जातील. माणसांची नावं कशाला ठेवायची?"

लग्नाची नोंद? तेव्हा खेड्यात लग्नाची नोंद करायला कोण जात होतं. जन्माच्या नोंदीचं जुनं बाड त्याने चौथ्या खेपेला काढलं. त्यात आमच्या गावाची पानं वाळवीने खाऊन जाळी झाली होती. वडिलांच्या जन्मवर्षाच्या जागी नुसतं भोक होतं. कारकून म्हणाला, "बघा, आम्ही लपवत नाही काही." मी त्याचे आभारही मानले नाहीत. माणूस कामचुकार असेल तर समजू शकते, पण ह्याला दुसऱ्याच्या अडचणीची मजा वाटत होती.

एक दुवा वडिलांच्या बोलण्यातून हाती लागला. ते लहान असताना जमिनीवरून काही वाद झाला होता आणि त्यांच्या थोरल्या काकांनी, म्हणजे ह्या काकाच्या बापाने, रत्नागिरीच्या साप्ताहिकात काहीतरी छापून आणलं होतं. तो अंक घरी आला तेव्हा आजी रडली होती, एवढंच त्यांना आठवत होतं. काय छापलं होतं ते तिला वाचता येत नव्हतं, कोणीतरी वाचून दाखवलं होतं.

ते साप्ताहिक कधीच बंद पडलं होतं. त्याच्या फायली रत्नागिरीतल्याच एका वाचनालयात माळ्यावर होत्या. ग्रंथपाल सडसडीत, करड्या मिशांचा. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कशासाठी पाहिजेत?"

"घराण्याची माहिती काढायची आहे."

"पुरुषमाणूस कोणी नाही घरात?"

"आहेत. त्यांना दम लागतो."

"फाईल बाहेर नेता येणार नाही. शाई चालणार नाही. पान फाटलं तर भरपाई."

मी मान डोलावली आणि त्या उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत शनिवारची दुपार तिथे घालवली. पंख्याखालची जागा वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या पेन्शनरांची होती, तिथे मी बसले की ते घसा खाकरत. मी कोपऱ्यात, खिडकीपाशी बसू लागले. फायलींना कुबट वास होता. पान उलटलं की कडा हातात येत. मी फक्त जाहीर नोटिसा वाचत असे. हरवलेला बैल, विकायची होडी, नादारीचे दावे. आणि बायका. मला आधी कळलं नव्हतं की ह्या पानांत बायका इतक्या असतील. माझी बायको घर सोडून गेली आहे, तिला कोणी आसरा देऊ नये. माझी सून दागिने घेऊन माहेरी गेली आहे. एकीचंही नाव नाही. नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, गावाचं नाव, आणि मग "बायको". जिवंत बाई पेपरात यायची ती पळाली तरच.

दिवाळीच्या आधी मला ती नोटीस सापडली. आतल्या पानावर, तळाशी, एका औषधाच्या जाहिरातीखाली. आमच्या गावाचं नाव आधी दिसलं, मग काकाच्या बापाचं. मजकूर असा होता की तमाम लोकांस कळवण्यात येते, आमचे मयत धाकटे बंधू यांची बायको व तिचा अज्ञान मुलगा ही आमच्या एकत्र कुटुंबात, आमच्या ताब्यात आहेत. सदर बाईशी किंवा तिच्या मुलाच्या हिश्श्याबाबत कोणीही परस्पर व्यवहार करू नये.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. बंधूंची बायको. मुलाचा हिस्सा. हे दुसऱ्या कोणी नाही, त्याच घरातल्या कर्त्या माणसाने छापून आणलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण तो फार टिकला नाही. आजी का रडली ते माझ्या ध्यानात आलं. विधवा झालेली तरुण बाई, कदाचित आपला वाटा घेऊन नाट्याला परत जायचं तिच्या मनात असेल, कोणीतरी तिला तसं सुचवलं असेल, आणि दिराने पेपरात छापून तिचा रस्ता बंद केला. तिच्या लग्नाचा जो एकुलता एक पुरावा मला मिळाला, तो तिला बांधून घातल्याचा पुरावा होता.

ग्रंथपालाला मी म्हटलं, "ह्याची झेरॉक्स काढून आणू द्या. दुकान समोर आहे, तुम्ही बरोबर चला."

"फाईल बाहेर जाणार नाही."

"मग मी पेन्सिलीने उतरवून घेते, तुम्ही खाली सही करा, की उतारा बरोबर आहे."

"उद्या कोर्टात मला उभा कराल. नाही."

मी उतरवून घेतलं आणि पुढच्या रविवारी गावी जाऊन काकापुढे धरलं. त्याने चष्मा लावला, वाचलं, परत दिलं. "अक्षर तुजंच हाय," तो म्हणाला. "तू मास्तरीण. तुला काय, कायपण लिवता येतं."

"छापील बघायचंय? चला रत्नागिरीला."

मला वाटलं नव्हतं, पण तो आला. पुढच्या शनिवारी धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून स्टॉपवर उभा होता. एसटीत तो पुढे बसला, मी मागे. बाजूची जागा रिकामी होती तरी मी तिथे बसले नाही आणि त्याने बोलावलंही नाही. वाचनालयात ग्रंथपालाने त्याला खुर्ची दिली. मला इतक्या महिन्यांत कधी दिली नव्हती, मी आपली ओढून घेत असे.

काकाने बोट ओळीखाली सरकवत नोटीस वाचली. बापाच्या नावापाशी बोट जरा थांबलं. वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

"आता काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"माजं काय म्हणणं असणार. मला म्हाईत होतं."

"काय माहीत होतं?"

"पाट लागलेला. बाबा सांगत. माजी आजी तर तिथं हजर बसलेली." तो अगदी साध्या आवाजात बोलत होता, भाताचा भाव सांगावा तसा. "पण तुजा बापूस मुंबईत होता. शेतीची राहाटी इथे मी केली. झाडं मी राखली. आता म्हातारपणी येतो नि अर्धं म्हणतो."

"बाबांनी कधी अर्धं मागितलंय?"

"आज नाय मागणार. तुजं लगीन झालं की जावई मागेल."

मी विचारलं, "माझी स्थळं तुम्हीच मोडलीत?"

"विचारायला आले. मी सांगितलं."

पेन्शनर वर्तमानपत्राआडून बघत होते. त्याला गैरसमज असता, खरंच संशय असता, तर मी त्याच्याशी भांडले असते. इथे भांडायला काही उरलंच नव्हतं. सगळं माहीत असून हा माणूस माझ्या बापाच्या आईला ठेवलेली म्हणत होता, आणि तेही नुसतं परक्यांपुढे नाही, तिच्या मुलाला ऐकू जाईल अशा अंतरावर बसून.

"मी गावकीपुढे जाणार," मी म्हटलं.

"जा की," तो म्हणाला, पण उठताना त्याची टोपी खाली पडली आणि ती त्याला पहिल्या खेपेला उचलता आली नाही.

शिमग्याच्या आधी गावकी बसते. देवीची पालखी कुठल्या घरी कधी जाणार, मान कोणाचा, हे तिथे ठरतं. आमच्या घरी पालखी काकाच्या खळ्यात यायची. देवीपुढे मागणं घालतात त्या गाऱ्हाण्यात त्याचं, त्याच्या मुलांचं नाव घेतलं जायचं. वडील पडवीच्या खांबाला टेकून लांबून नमस्कार करायचे. मी वडिलांना सगळं पढवून ठेवलं होतं. आधी नोटिशीचं सांगा. मग काकाने वाचनालयात काय कबूल केलं ते सांगा, मी साक्षीला आहे. मग म्हणा, घरात, जमिनीत माझा अर्धा वाटा आहे, तो मोजून द्या.

गावकीत बायका बसत नसत. मी देवळाच्या चौथऱ्याखाली, पालखी ठेवतात त्या सहाणेपाशी उभी राहिले. तिथून ऐकू येत होतं. वडील बोलायला उभे राहिले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. सगळे थांबले. मग ते म्हणाले, "माझी आई लग्नाची होती. पेपरात छापलेलं हाय. माझ्या भावालाही म्हाईत हाय, त्याला विचारा."

गावकीचा प्रमुख, गावकार, काकाला म्हणाला, "काय रे, खरं काय?"

काका मान खाली घालून म्हणाला, "खरं."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. वडील म्हणाले, "मला जमीन नको. झाडं नको. पालखी माज्या पडवीपुढे टेकू दे, नि गाऱ्हाण्यात आईचं नाव घ्या. दुसरं काय नको."

काकाने मान इतक्या चटकन वर केली की मला तिथून दिसली. "मंजूर हाय माजं," तो म्हणाला, कोणी विचारायच्या आत.

घरी येताना मी वडिलांच्या चार पावलं पुढे चालत होते. पाणंदीत ते दम घ्यायला थांबले तेव्हा मीही थांबले, पण हात दिला नाही. शेवटी तेच म्हणाले, "रागावलीस, बाय?"

"सहा महिने मी त्या माळ्यावरची धूळ खाल्ली ती कशासाठी?"

"आईच्या नावासाठी," ते म्हणाले. "तू वाटा शोधत होतीस. मी नव्हतो शोधत."

शिमग्याला पालखी आली. ढोल वाजत होते. पडवीपुढे वडिलांनी शेण सारवून जागा केली होती, तिथे पालखी टेकली. गावकाराने गाऱ्हाणं घातलं आणि त्यात माझ्या आजीचं नाव मोठ्याने घेतलं. सासरचं नाव, नाट्याचं नाही, नाट्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी दाराआड उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. काकाची बायको ओटीचं ताट घेऊन पालखीपुढे झाली, आणि माझ्या मनात आलं की ही माणसं आता किती आनंदात असतील.

वडील त्यानंतर पाच-सहा वर्षं जगले. पडवीतच राहिले. मी दर रविवारी जात असे, काकाकडे बघत नसे. माझं लग्न मांडवीतल्याच एका माणसाशी झालं, त्याने गावात चौकशी केली नाही. वडील रत्नागिरीच्या दवाखान्यात वारले. काका आला, खांदा दिला, डोकं भादरलं. दहा दिवस सुतक पाळलं. वाडीतल्या बायका माझ्याजवळ येऊन सांगत, बघ, रक्त शेवटी रक्तच. मला थोडं वाटलंही, की कदाचित मीच फार कडू झालेय.

तेराव्याचं जेवण झालं. पत्रावळी उचलल्या जात होत्या. काका माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बाय, एक सही पाहिजे होती. तुज्या बापाने गावकीत सगळं सोडलेलंच हाय. नुसतं कागदावर यायचं राहिलंय. उद्या वकील गावात येणार हाय."

"कसला कागद?"

"हक्कसोड."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला. "काका," मी म्हटलं, "बाबांनी सोडलं ते बाबांचं. मी काही सोडलेलं नाही."

"बापाचा शब्द मोडणार?"

"मोडणार."

त्याने आवाज चढवला. मुलगे आले, सून आली. बापाचं तेरावं आज आणि ही वाटा मागते, असं सगळ्यांनी ऐकवलं. माझा नवरा म्हणाला, चल, नंतर बघू. मी गेले नाही. पडवीच्या दाराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचूनच निघाले.

दुसऱ्याच आठवड्यात मी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. काकाने हरकत घेतली. हरकतीत त्याने पुन्हा तेच लिहिलं होतं, आजीचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे गावकीत, देवीपुढे कबूल केलेलं त्याने माझ्या बापाच्या सुतकातून उठल्या उठल्या गिळलं. ह्या वेळी मी वाचनालयातून नोटिशीची झेरॉक्सच काढून आणली. जुना ग्रंथपाल निवृत्त झाला होता, नव्याने फाईल समोरच्या दुकानात न्यायला दिली. गावकारालाही मी साक्षीला नेलं. तो यायला तयार नव्हता, त्याच्या दारात मी सकाळपासून बसून राहिले तेव्हा आला. हरकत फेटाळली गेली आणि सातबाऱ्यावर माझं नाव चढलं.

काकाने खळ्यात गडगा घातला. चिरे आणून, पडवीच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, कमरेएवढा उंच. त्यात वाट ठेवली नाही. मी मे महिन्यात गेले तेव्हा तो बाकावर बसून मी काय करते ते बघत होता. मी परत फिरले, खालच्या वाडीतला गवंडी आणला आणि पडवीच्या मागच्या भिंतीला दार पाडून घेतलं. दोन दिवस चिरा फोडण्याचा आवाज चालला होता. काका एकदाही उठून आला नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही. दार उघडल्यावर समोर काजूची झाडं होती. त्यांतली अर्धी माझी होती.